डाग नसलेलं पुस्तक

खेचराला आगबोटीत चढवायचं असेल तर आधी त्याच्या पोटाखालून रुंद पट्टा घालतात. मग धक्क्यावरची ओझी उचलणारी यारी फिरते, आणि चारी पाय हवेत ठेवून खेचर समुद्रावरून बोटीत उतरतं.

*

सदरा आधी कोपरावर विरतो. तुमान गुडघ्यावर.

*

राधाकिसनला वाचता येत नव्हतं.

*

बसऱ्याला खजूर रस्त्यावर पडलेला असतो आणि त्याला कुणी उचलत नाही.

*

पोथीला शिवायच्या आधी हात धुवायचे. धुतलेले हात पदराला पुसायचे नाहीत, वाऱ्यावर वाळू द्यायचे.

*

दसऱ्याच्या सुमाराला जीवरेखा नदीचं पात्र उघडं पडतं. पाणी राहतं ते डोहात.

*

टेंभुर्णीच्या वाचनालयात एकच कपाट होतं. दारावरच्या पाटीवर वरती उर्दूत आणि खाली मराठीत 'कुतुबखाना' असं लिहिलेलं होतं. गावातली माणसं मात्र 'पुंजारामची खोली' म्हणत, कारण खोलीच्या अर्ध्या भागात पुंजाराम शिंप्याचं मशीन होतं. खोली काकासाहेबांची. गावातली निम्मी काळी जमीनही त्यांचीच. त्यांनी खोलीचं भाडं कधी मागितलं नाही, आणि त्या बदल्यात पुंजारामनं संध्याकाळी कपाट उघडायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि वाळवीवर नजर ठेवायची, असं ठरलं होतं. सदऱ्याचं माप द्यायला आलेला माणूस जाताना पुस्तक घेऊन जाई. पुस्तक परत करायला आलेला फाटकी तुमान काखेत मारून येई. दोन्ही कामं एकमेकांना धरून चालली होती.

राज्य निजामाचं, साल फसली तेराशे चाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या आसपासचं. त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर जालन्याच्या स्टेशनातून बैलगाडीवर लादून एक पेटी आली. हैदराबादेतले कुणी वकील वारले होते, त्यांच्या घरच्यांनी त्यांची मराठी पुस्तकं टेंभुर्णीच्या वाचनालयाला दिली होती. पेटी उघडली, सगळ्यांनी वास घेतला, आणि मग सगळ्यांनी कपाटाकडं बघितलं. कपाट गच्च भरलेलं होतं.

"दुसरं कपाट आणू या," रखमाजी मास्तर म्हणाले.

"कुठून आणू? घरातलं आणलं तर मंडळी मलाच त्याच्यात कोंडतील," काकासाहेब म्हणाले. "जुनी काढा. काही बहाल, काही खारीज."

काकासाहेबांची जमिनीच्या वादात तहसील कचेरीत उभी हयात गेली होती. घरात भाजी चिरतानाही ते ठेवायच्याला बहाल आणि टाकायच्याला खारीज म्हणत.

पण खारीज काय करायचं ते कसं ठरवायचं? मास्तर म्हणाले, ज्यातून काही शिकता येतं ते ठेवा. काकासाहेब म्हणाले, जाड ठेवा, बारीक काढा. कुणी अंमलदार गावात आला तर कपाट भरल्यासारखं दिसलं पाहिजे. दोघांची बराच वेळ जुंपली. पुंजाराम मशीनला तेल घालत ऐकत होता. त्याच्या डोक्यात एक गोष्ट कधीपासून घोळत होती, ती त्या दिवशी ओठांवर आली.

"मी सांगू का? माह्याकडं कपडा आला की मला माणूस विचारावा लागत न्हाई. कोपर विरलं असलं तर बैठकीतला माणूस, गुडघा विरला असला तर रानातला. अन् कुठंच विरलं नसलं तर तो सदरा पेटीतला. पुस्तकाचं बी तसंच हाये. जे वाचलं जातं त्याला डाग पडतो. तेल, हळद, तंबाखू, काहीतरी पडतंच. डाग असंल ते बहाल. कोरं असंल ते खारीज."

काकासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "शिंप्या, तू वकील व्हायला पाहिजे होतास."

पुंजारामला ते वाक्य पुढं दोन दिवस पुरलं.

*

"हे घ्या. आंब्याचा रस. मधली पानं चिकटलीत." पुंजाराम एकेक पुस्तक उघडून दाखवायला लागला.

"बहाल."

"हे गणिताचं. शाईच शाई. शेवटी कुणीतरी शिव्या लिहून ठेवल्यात."

"कुणाला?"

"तुम्हालाच, मास्तर."

"मंग खारीज करा की!"

"वाचलं म्हणून तर चिडलंय ना ते पोट्टं! बहाल."

"हे धर्माचं, जाड. वर कुंकू हाये."

"डाग हाये की मंग."

"हा पूजेचा डाग हाये. आत बघा, बिलकुल कोरं. खारीज."

"पुंजाराम," काकासाहेब हळूच म्हणाले, "ते माह्या वडलांनी दिल्यालं हाये."

पुंजारामनं पुस्तक उजेडाला धरलं. उलटंसुलटं केलं.

"तसं कुंकवाचा बी डागच असतो," तो म्हणाला. "बहाल."

"अन् हे? आगबोटीचं?"

कुणा कारकुनानं मुंबईहून बसऱ्याला आगबोटीतून केलेल्या प्रवासाचं ते पुस्तक होतं. निळा पुठ्ठा, मधल्या अंगाचं. पुंजारामनं पान न् पान चाळलं. एक बोट उमटलेलं नव्हतं. कोपरा दुमडलेला नव्हता. छापखान्यातून काल आल्यासारखं.

"पण हे तर राधाकिसन सारखा नेतो," मास्तर म्हणाले.

"नेतो. वाचतो कुठं? मेंढरं राखणारा माणूस तो. त्याला पुस्तक सुलटं धरलंय का उलटं ते कळत न्हाई."

"मंग नेतो काहून?"

"उशाला घेत असंल," काकासाहेब म्हणाले.

"उशाला घेतलं असतं तर डोक्याच्या तेलाचा डाग पडला असता," पुंजाराम म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसले. "नुसतं मिरवायला नेतो तो. खारीज."

*

कागद म्हणजे सरस्वती. तो रद्दीत जाऊ शकत नव्हता. मागं एकदा नको असलेली पुस्तकं लोकांना फुकट वाटली होती, तर आठवड्याभरात वाण्याच्या दुकानातून त्यांच्या पानांत जिरं बांधून यायला लागलं. काकासाहेबांना त्यांच्याच घरच्या मसाल्याच्या पुडीवर देवीची आरती सापडली. तेव्हापासून कायदा झाला. खारीज झालेलं पुस्तक कुणाच्या घरी जायचं नाही. खंडेनवमीला ठेवलेली आणि काढलेली, दोन्ही पुस्तकं पाटावर मांडायची, शेजारी पुंजारामची कात्री आणि मशीनही. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा करायची, ठेवलेली कपाटात, काढलेली डोहात.

खंडेनवमीच्या आधी एका संध्याकाळी राधाकिसन आला. घोंगडी खांद्यावर, काठी दाराबाहेर.

"आगबोटीचं द्या."

"खारीज झालं ते."

"म्हंजी?"

"म्हंजी दसऱ्याला नदीत."

राधाकिसन खारीज पुस्तकांच्या ढिगाकडं बघत राहिला. निळा पुठ्ठा वरच होता.

"मलाच द्या मंग ते."

"तुला दिलं तर उद्या गाव मागंल. कायदा म्हंजी कायदा." पुंजारामला त्या दिवशीचं हसू पुन्हा आलं. "खरं सांग, काय करतोस रे तू त्या पुस्तकाचं?"

"घरी ठेवतो," राधाकिसन म्हणाला, आणि काठी उचलून चालता झाला.

*

दसऱ्याची सकाळ. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या. काकासाहेब फेटा बांधायला घरी गेले, मास्तर त्यांच्याबरोबर. पुंजाराम एकटाच खोलीत राहिला. खारीज पुस्तकं पांढऱ्या मांजरपाटात बांधायची, बुडाशी दगड घालायचा आणि तोंड शिवून टाकायचं, एवढं काम होतं. तो सुईत दोरा ओवत होता तेवढ्यात दारात बाईमाणसाची सावली पडली.

वाचनालयाच्या दारात बाई उभी राहिली, हे पहिल्यांदाच.

"पुंजारामभाऊ, रांजण कुठं हाये?"

राधाकिसनची बायको होती, जयवंताबाई. तहान लागली असेल असं वाटून पुंजारामनं बाहेरचा रांजण दाखवला. ती पाणी प्यायली नाही. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, झटकले, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उन्हात उभी राहिली. कोपरापासून खाली पाणी गळून गेलं, हात कोरडे झाले. मग ती उंबऱ्याच्या आत आली.

"आता दाखवा. आगबोटीचं."

का दिलं ते पुंजारामला नंतरही सांगता आलं नसतं. त्यानं निळं पुस्तक ढिगातून काढून पुढं केलं. तिनं ते एकदम घेतलं नाही. कमरेला खोचलेली चौघडी, चार घड्यांचं धुतलेलं फडकं, काढून पाटावर अंथरली, पुस्तक तिच्यावर ठेवायला लावलं, आणि बरोबर आणलेल्या मोरपिसाच्या देठानं पान उलटलं. बोट कागदाला लागलंच नाही. देठ ओळीखालून सरकत गेला आणि ती पोथीच्या चालीवर, प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारून, वाचायला लागली. खेचराच्या पोटाखालून पट्टा कसा घालतात ते.

पुंजारामच्या हातातली सुई तशीच राहिली.

"तुम्ही वाचता, वयनी?"

"मामंजींचे डोळे गेले तवा घरात पोथी वाचायला कुणी न्हवतं. पोरगा अक्षराला पाहून मेंढरांमागं पळायचा. मंग त्यांनी मलाच शिकवलं. ते असंच वाचायचे. मी दुसरं कसं वाचू?"

"अन् राधाकिसन?"

"ते आणतात, नेतात."

"मंग सांगायचं की त्यानं!"

"बायको वाचती म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता."

"न्हाई हो..."

"हसला असता, भाऊ."

पुंजारामनं सुई मांजरपाटात टोचून ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ह्याला एक बी डाग न्हाई, वयनी. आम्ही डागावरून ठरवलं."

"पुस्तकाला डाग पाडत असतेत का?" तिला खरंच नवल वाटलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या ओठांचा कोपरा वर गेला. "तुमच्या मंडळींचा लग्नातला शालू पेटीत असंल की न्हाई? त्याला बी डाग नसंल. तो बी घाला नदीत."

*

जयवंताबाई स्वतःसाठी वाचत नव्हती. वाचत होती सासूसाठी, गोपिकाबाईसाठी.

चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या वेळी जालन्याला फौजेसाठी खेचरं भरून घेत होते, आणि खेचरांबरोबर ती सांभाळणारी माणसंही. गोपिकाबाईचा धाकटा मच्छिंद्र दसऱ्याचं सोनं वाटून दुसऱ्या दिवशी गेला. नंतर परत आलेल्या एकानं एवढंच सांगितलं की मच्छिंद्र मुंबईला बसऱ्याच्या बोटीत चढताना त्यानं बघितला होता. त्याच्यापुढं काही नाही. मेल्याचं कळलं नाही, म्हणून घरात सुतक नाही. आल्याचं कळलं नाही, म्हणून दार उघडं. कपाटात बसऱ्याच्या बोटीचं पुस्तक आहे हे राधाकिसनला कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं, आणि त्यानं ते एके दिवशी घोंगडीत गुंडाळून घरी नेलं.

तेव्हापासून गोपिकाबाई ते पुस्तक ऐकत होती. दोरखंड कसे सोडतात, भोंगा कसा वाजतो, खेचरं पहिल्या दिवशी चारा कशी खात नाहीत. "हे त्यानं बघितलं असंल," ती म्हणायची. मस्कतच्या पुढं गेल्यावर पुस्तकात वादळ सुरू व्हायचं. बोट कलायची, पाणी वर यायचं. तिथं गोपिकाबाई हात वर करायची. "बस्स. आज एवढंच."

दरवेळी तिथंच. पुढचं पान जयवंताबाईनं एकटीनंही कधी उलटलं नव्हतं. सासूच्या आधी आपण वाचायचं म्हणजे चोरी, असं तिला वाटे.

"कालपासून मागून राह्यल्यात," ती पुंजारामला म्हणाली. "दसऱ्याला ऐकायचंच असतं त्यांना. ह्यांनी सांगितलं, पुस्तक दुसऱ्या गावी गेलंय. आज सकाळी मला खरं सांगितलं. पुढच्या दसऱ्याला त्या ऐकायला असतील का नसतील, मला माहीत न्हाई."

*

काकासाहेब फेटा बांधून आले. मास्तरही. पुंजारामनं घाईघाईनं सगळं सांगितलं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. काकासाहेबांनी ऐकून घेतलं. ते मच्छिंद्राला ओळखत होते. त्यानं त्यांच्या विहिरीवरचे पेरू चोरले होते.

"कालपर्यंत सांगितलं असतं तर मीच नेऊन दिलं असतं," ते शेवटी म्हणाले. "आता उत्तरपूजा झाली. अक्षता पडल्या. आता ते तुपलं न्हाई, माह्यं न्हाई, देवीचं हाये. देवीच्या पुढचं ताट ओढायचं का आपण?"

जयवंताबाईही हे मानणारी होती, म्हणून तर हात धुऊन आली होती. तिनं चौघडी घडी केली, पुस्तक पाटावर तसंच ठेवलं.

"सासूबाईला काय सांगू?"

काकासाहेबांनी फेट्याचा शेमला उगाच नीट केला. "सांग, नदीनं परत दिलं तर तुझं."

बोलायचं म्हणून बोलले. पण पुंजारामनं ते ऐकलं, आणि सुईतला दोरा बदलला. पक्क्या शिवणीच्या आधी कपडा जुळवून धरायला शिंपी कच्चा टाका घालतो. लांब लांब, सैल, नंतर एका झटक्यात उसवायचा. पुंजारामनं गाठोड्याचं तोंड कच्च्या टाक्यानं शिवलं, आणि शेवटी गाठ मारली नाही. निळं पुस्तक सगळ्यांत वर.

"टाके लांबलांब पडून राह्यले, पुंजाराम," काकासाहेब म्हणाले.

"घाई हाये, काकासाहेब. ऊन चढून राह्यलं."

काकासाहेब थोडा वेळ टाक्यांकडं बघत राहिले. मग दुसरीकडं बघायला लागले.

*

डोहात गाठोडं सोडलं. दगडानं ते खाली नेलं, बुडबुडे आले, थांबले. काकासाहेबांनी हात जोडले. मास्तरांनी जोडले. पुंजारामनंही जोडले, पण डोळे मिटले नाहीत.

पाणी गप्प होतं. पलीकडच्या काठावर राधाकिसनची मेंढरं पाणी पीत होती. राधाकिसन काठीवर हनुवटी टेकून उभा.

टाका सुटला नसेल. पाण्यानं दोरा आवळला असेल. पुंजाराम स्वतःला शिव्या द्यायला लागला: एरवी ह्याच हातांनी शिवलेली तुमान गिऱ्हाइकाच्या अंगावर उसवते, आणि आज उसवायला पाहिजे तर हा दोरा लोखंडाचा झाला.

मग काहीतरी वर आलं. एक जुनं पंचांग.

"हे कशाला आलं?" काकासाहेब म्हणाले. "ह्याला कुणी बोलावलं?"

पंचांग गोल फिरून पुन्हा बुडालं. त्याच्या मागून, आडवं, जड, पाण्याच्या जरासं खालून, निळा पुठ्ठा वर आला.

राधाकिसननं काठी टाकली. घोंगडी टाकली. कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या पाण्यात तो गेला, आणि पुस्तक दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून अलीकडच्या काठाला आला. त्याच्या कोपरातून पाणी गळत होतं. तो काकासाहेबांकडं गेला नाही, मास्तरांकडं गेला नाही. पुंजारामपुढं उभा राहिला.

"वाळवता येईल का?"

*

दसऱ्याचं सोनं वाटायला पुंजाराम त्या दिवशी गेलाच नाही. त्यानं मशीन बाजूला सारलं आणि पुस्तक पाटावर घेतलं. ओल्या कागदाला घाई चालत नाही. त्यानं दोन-दोन पानांच्या मध्ये कापडाच्या कातरणी घातल्या, मांजरपाट, खादी, लुगड्याच्या काठाचे तुकडे, आणि त्या ओल्या झाल्या की काढून दुसऱ्या घातल्या. मग इस्त्रीत थोडेच निखारे भरून वरून ऊब दिली. कातरणीत एक लाल फुलांच्या चिटाची निघाली. तिचा रंग उतरला आणि मस्कतच्या बंदरात लाल फुलं उमटली. एका पानाला इस्त्रीचा चटका बसला. बांधणीत गाळ राहिला तो राहिलाच.

पानं सोडवता सोडवता तो वाचत गेला. इतकी वर्षं कपाट उघडलं-मिटलं, पण आगबोटीचं पुस्तक त्यानं कधी वाचलं नव्हतं. वादळाची पानं एकमेकांना चिकटली होती. ती त्यानं सुईच्या नाकानं, शिवण उसवताना धरतात तसा श्वास धरून, सोडवली.

*

पुस्तक घेऊन तो स्वतः गेला. गोपिकाबाई ओट्यावर उन्हात बसली होती. नजर कमी झाली होती. तिनं हात पुढं केले आणि पुस्तक चाचपलं. पुठ्ठा फुगला होता, पानं वेडीवाकडी झाली होती.

"हे ते न्हाई. ते बारीक होतं."

"तेच हाये, मावशी. पाणी प्यायलंय."

"पाण्यात गेल्तं?"

"गेल्तं. डोहात."

"बुडालं?"

"बुडालं. मंग वर आलं."

गोपिकाबाई बराच वेळ पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिली. जयवंताबाई हात धुऊन, वाळवून आली. चौघडी अंथरली. नेहमीच्या जागेपासून सुरू केलं: दोरखंड, भोंगा, खेचरं, लाल फुलांचं मस्कत. वादळ आलं. बोट कलली. जयवंताबाईनं सवयीनं मोरपीस उचललं आणि ती थांबली.

गोपिकाबाईनं हात वर केला नाही.

"वाच पुढं," ती म्हणाली.

पुढं वादळ एका पानात संपत होतं. कारकुनाचा एक जोडा वाहून गेला होता, तेवढंच. मग नदीचं गोडं पाणी लागलं, दोन्ही काठांना झाडं लागली, आणि बोट बसऱ्याला पोचली. माणसं उतरली, खेचरं उतरली. तिथं रस्त्यावर खजूर पडलेला होता आणि त्याला कुणी उचलत नव्हतं.

"कुणीच न्हाई?"

"न्हाई म्हणून लिहिलंय."

"मच्छिंद्रानं उचलला असंल," गोपिकाबाई म्हणाली.

*

काही दिवसांनी राधाकिसन पुस्तक परत घेऊन आला.

"तुपलं हाये आता ते. नदीनं दिलंय," पुंजाराम म्हणाला.

"बायको म्हणती, कपाटातलं हाये ते कपाटातच पाहिजे. आम्हाला लागंल तवा नेऊ." मग उंबऱ्यातून वळून म्हणाला, "अन् ती म्हणती, दुसरी बी दाखवा. चांगली बघून."

पुढच्या नवरात्रात पुन्हा ढीग लागला. ह्या वेळी पुंजाराम प्रत्येक पुस्तक हातात घेऊन आधी विचारायचा की हे कुणाच्या घरी जातं, आणि त्या घरात कोण कोण असतं. काम फार लांबलं. काकासाहेब कंटाळले.

"अन् हे? लाल डाग, चटका, गाळ. वास बी मारतंय."

"आगबोटीचं," पुंजाराम म्हणाला.

"बहाल," काकासाहेब म्हणाले. "तुह्या कायद्यानं बी बहाल."

*

मच्छिंद्र पोहायला शिकला तो जीवरेखेच्या ह्याच डोहात.